छोटं बाथरूम नव्याने करताना: आधी निचरा, मग नळ, टाइल सगळ्यात शेवटी

बाथरूमचं काम काढायचं ठरलं की बहुतेक जण पहिल्यांदा टाइल बघायला जातात. सुरुवात नेमकी तिथेच चुकते. टाइल वर्षभराने नावडती झाली तर फार तर डोळ्यांना खुपते. पण फरशीतल्या निचऱ्याच्या जाळीकडे ढाळ नसेल तर रोज आंघोळीनंतर पुसणी हातात घ्यावी लागते, आणि कमोडचं तोंड दोन सेंटिमीटरने चुकलं तर नवाकोरा कमोड खोक्यातच पडून राहतो. म्हणून पाणी कुठून जाणार हे आधी ठरवायचं, कुठून येणार ते नंतर, आणि वरून काय दिसणार ते सगळ्यात शेवटी.

उदाहरणासाठी या लेखात १.५ मीटर × २.१ मीटर, उंची २.४ मीटर असं बाथरूम धरलं आहे. तुमची मापं त्या जागी घाला.

मोजमाप आणि कागद

१ सेंटिमीटर म्हणजे १० सेंटिमीटर असं प्रमाण धरलं की हे बाथरूम ए-फोर कागदावर १५ × २१ सेंटिमीटरमध्ये बसतं. दार, ते कुठल्या बाजूला उघडतं, खिडकी, तुळई, जाळी, कमोड, नळ आणि मेन व्हॉल्व्ह त्यावर दाखवा. प्रत्येक भिंत खाली, मध्ये आणि वर अशी तीनदा मोजा. जुन्या भिंती क्वचितच ओळंब्यात असतात. तिन्ही मापांत १५ मिलिमीटरचा फरक निघाला तर तो प्लास्टरमध्ये भरून काढावा लागेल आणि तेवढी जागा जाईल. कर्णसुद्धा मोजा. दोन्ही कर्ण सारखे नसतील तर खोली काटकोनात नाही, आणि फरशीच्या टाइल एका कडेला तिरप्या कापाव्या लागतील.

सगळ्यात जास्त घोटाळा कमोडच्या मापात होतो. एस ट्रॅपच्या कमोडचं तोंड खाली जमिनीत उतरतं, पी ट्रॅपचं मागे भिंतीत जातं. एस ट्रॅपमध्ये भिंतीपासून जमिनीतल्या पाइपच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजायचं. पी ट्रॅपमध्ये फरशीपासून भिंतीतल्या पाइपच्या मध्याची उंची मोजायची. दोन्ही मापं नवी टाइल लागल्यानंतरची धरायची, विटेपासूनची किंवा जुन्या टाइलपासूनची नाहीत. समजा आज जुन्या टाइलपासून २२५ मिलिमीटर आहेत आणि नवं प्लास्टर व टाइल मिळून भिंत १५ मिलिमीटर पुढे आली. हातात २१० उरले. २२५ चा कमोड तिथे बसणार नाही, टाकी भिंतीला आपटेल. कमोड विकत घेण्याआधी त्याच्या खोक्यावरचं हे माप आपल्या कागदाशी ताडून बघा.

किती फोडायचं?

फोडायची गरज आहे का, हेच आधी तपासा. नाणं घेऊन भिंतीच्या आणि फरशीच्या टाइलवर हलके ठोकत जा. भरीव टाइल टणक वाजते, सुटलेली पोकळ. चार-दोनच पोकळ निघाल्या, खालच्या छताला किंवा शेजारच्या खोलीच्या भिंतीला ओल नाही आणि पाइप गंजणाऱ्या लोखंडाचे नाहीत, तर नळ, शॉवर, बेसिन, आरसा बदलून आणि जुनं ग्राउट (टाइलमधल्या सांध्यांची भरणी) खरवडून नवं भरून काम भागतं.

ओल असेल तर ती कुठली हे शोधा. बाथरूम दोन दिवस कोरडं ठेवूनही ओल वाढत असेल, तर संशय दाबाखालच्या नळाच्या पाइपवर. मेन व्हॉल्व्ह बंद केल्यावर ती कमी झाली तर संशय पक्का. वापर झाल्यावरच ओल दिसत असेल तर निचऱ्याचा पाइप, जाळीचा सांधा किंवा फरशीखालचं वॉटरप्रूफिंग गेलेलं आहे. या दुसऱ्या प्रकारात वरून ग्राउट भरणं म्हणजे वेळ मारून नेणं. तिथे स्लॅबपर्यंत जावंच लागतं.

टाइलवर टाइल हा मधला मार्ग आहे आणि तो वाईट नाही, पण गळती नसेल आणि जुनी टाइल घट्ट असेल तरच. जाडी १० ते १५ मिलिमीटरने वाढते. मग दार फरशीला घासतं, उंबऱ्याची पट्टी खोल जाते आणि भिंतीत गाडलेल्या (कन्सील्ड) कॉकचे दांडे आखूड पडतात. त्या दांड्यांना एक्स्टेन्शन मिळतं का ते आधी बघा. खूप जुन्या मॉडेलचं बहुधा मिळत नाही.

इमारत जुनी असेल तर एक सावधगिरी. पाइप किंवा पत्रा ॲस्बेस्टॉस सिमेंटचा आहे अशी शंका असली तर त्याला हातोडा किंवा ग्राइंडर लावू नका. त्याची धूळ फुप्फुसांसाठी घातक असते. जाणकाराकडूनच ते काढून घ्या.

मांडणी

शक्य असेल तोवर कमोड हलवू नका. त्याच्या ११० मिलिमीटरच्या पाइपला १:४० ते १:८० उतार लागतो, म्हणजे प्रत्येक मीटरला साधारण १२ ते २५ मिलिमीटर. कमोड दीड मीटर सरकवला की तेवढा उतार, पाइपची स्वतःची जाडी आणि वरचा थर असं सगळं फरशीखाली मावायला हवं. बाथरूमचा स्लॅब आजूबाजूच्या स्लॅबपेक्षा खाली घेतलेला नसेल तर ते मावत नाही आणि बाथरूममध्ये पायरी चढून जावं लागतं. बेसिन हलवणं मात्र सोपं, त्याला ३२ किंवा ४० मिलिमीटरचा पाइप पुरतो आणि तो भिंतीतून नेता येतो.

कमोडच्या मध्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंत किमान ३८ सेंटिमीटर ठेवा आणि पुढे ५५ ते ६० सेंटिमीटर मोकळे. शॉवरची जागा ७५ × ७५ सेंटिमीटरपेक्षा लहान नको. ९० × ९० मिळाली तर कोपर भिंतीला लागत नाही. आपल्या दीड मीटरच्या भिंतीवर शॉवर आणि त्याच्या शेजारी आणखी काही असा हट्ट धरू नका. दाराजवळ बेसिन, मध्ये कमोड आणि टोकाला खिडकीखाली शॉवर, अशी एकाच लांब भिंतीवरची मांडणी २.१ मीटरमध्ये नीट बसते. पाइपही एकाच भिंतीत राहतात. बेसिन ४० ते ४५ सेंटिमीटर रुंदीचं निवडलं तर हे जमतं. त्याहून मोठं बेसिन इथे नाकापेक्षा मोती जड ठरतं.

दार शक्यतो बाहेर उघडणारं किंवा सरकतं करा. जागा वाचते हा एक भाग. आत कुणी घसरून पडलं आणि दार आत उघडणारं असलं तर पडलेल्या माणसामुळेच ते उघडत नाही, हा दुसरा आणि जास्त महत्त्वाचा.

मांडणी ठरली की खडूने प्रत्यक्ष फरशीवर आखा. कमोडच्या मापाचं खोकं ठेवा, त्यासमोर उभं राहून वळून बघा, दार उघडा-मिटा. कागदावर बसलेलं सगळं पायाखाली बसेलच असं नाही.

नळाचं पाणी

मोठा छतावरचा शॉवर घेण्याआधी दाब मोजा. टाकीतल्या पाण्याची पातळी शॉवरच्या तोंडापेक्षा जितके मीटर वर, तितके ०.१ बार. टाकी ३ मीटर वर असेल तर मिळणार ०.३ बार, आणि तोही वळणांमध्ये थोडा कमी होणार. मोठ्या शॉवरना साधारणपणे अर्धा ते एक बार लागतो, नेमका आकडा खोक्यावर असतो. दुसरी परीक्षा बादलीची. शॉवरच्या ठिकाणचा नळ पूर्ण उघडून १० लिटरची बादली किती वेळात भरते ते बघा. दोन मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील तर साधा हँड शॉवर घ्या किंवा प्रेशर पंपाची सोय आधीच ठेवा. टाइल लागल्यावर या निर्णयाला उशीर झालेला असतो.

भिंतीत खाच पाडून पाइप बसवण्यापूर्वी सगळ्या फिटिंग हातात असायला हव्यात. डायव्हर्टरची (पाणी नळाकडे की शॉवरकडे ते वळवणाऱ्या कॉकची) बॉडी किती खोल बसवायची, हे त्या कंपनीच्या कागदावर दिलेलं असतं. ती खोली तयार टाइलच्या पृष्ठभागापासून मोजायची. जास्त खोल गेली तर प्लेट नीट बसत नाही, उथळ राहिली तर बॉडी टाइलच्या बाहेर डोकावते. दोन्ही चुका टाइल फोडूनच दुरुस्त होतात.

उंची तयार फरशीपासून मोजायची. बेसिनची कड ८० ते ८५ सेंटिमीटर, बेसिनखालचे अँगल कॉक ५० ते ५५, डायव्हर्टर १०० ते ११०, शॉवरचं तोंड २०० ते २१०. घरात कुणी फार उंच किंवा फार लहान असेल तर हे आकडे त्यांच्या हाताने ठरवा. गरम पाणी डावीकडे, थंड उजवीकडे. हे उलटं झालं तर मिक्सर उलटा चालतो आणि पाहुणा पोळतो.

सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा) पाइप वापरत असाल तर त्याचं सॉल्व्हंट सिमेंटही सीपीव्हीसीचंच हवं. साध्या पीव्हीसीचं सोल्युशन गरम पाण्याच्या सांध्याला टिकत नाही. सांधा जोडताना पाइप आत ढकलून पाव फेरा फिरवायचा आणि काही सेकंद दाबून धरायचा, नाहीतर तो हळूच मागे सरकतो. डब्यावर लिहिलेला वाळण्याचा वेळ संपला की सगळी तोंडं प्लगने बंद करून हातपंपाने दाब द्या. नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब ठेवून तास-दोन तास काटा बघा. काटा उतरला तर सांधा गळतो आहे, शोधून काढा. ही चाचणी झाल्याशिवाय गवंड्याला खाच बुजवू देऊ नका. प्लास्टर होण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, भिंतीला टेप लावून, म्हणजे फोटोत आकडे दिसतील. उद्या टॉवेलचा रॉड लावताना ड्रिल पाइपात जाणार नाही.

गीझरसाठी भक्कम भिंत लागते. १५ लिटरचा गीझर भरल्यावर नुसत्या पाण्याचंच वजन १५ किलो, त्यात टाकीचं वजन वेगळं. पोकळ ब्लॉकची भिंत असेल तर आरपार बोल्ट किंवा त्या भिंतीसाठीचे खास अँकर वापरा. सेफ्टी व्हॉल्व्हचं तोंड कधीही बंद करू नका. तापलेलं पाणी फुगतं आणि तो दाब तिथूनच बाहेर पडतो. गॅस गीझर बंद बाथरूमच्या आत बसवायचाच नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि आंघोळ करणाऱ्याला काही कळायच्या आत शुद्ध हरपते.

वीज आणि हवा

विजेचं काम परवानाधारक वायरमनचंच. तुम्ही फक्त हे बघा: बाथरूमच्या सर्किटवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे का, आणि अर्थिंग खरंच जोडलेलं आहे का, की नुसतीच हिरवी वायर बोर्डात लोंबते आहे. २ किलोवॅटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ ॲम्पिअर घेतो, ३ किलोवॅटचा १३. त्याला १६ ॲम्पिअरचा स्वतंत्र पॉइंट आणि स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) हवा. गीझरचा स्विच दाराबाहेर ठेवा. शॉवरच्या जागेत सव्वादोन मीटर उंचीपर्यंत आणि तिच्या कडेपासून ६० सेंटिमीटरपर्यंत सॉकेट नको.

एक्झॉस्ट फॅनचं गणित सोपं आहे. खोलीचं घनफळ १.५ × २.१ × २.४ म्हणजे सुमारे ७.६ घनमीटर. तासाला दहा वेळा हवा बदलायची तर ७६ घनमीटर. छोटा १५० मिलिमीटरचा फॅन एवढं सहज करतो. पण दाराखाली १ ते २ सेंटिमीटर फट किंवा दाराला जाळी नसेल तर हवा आत येणारच कुठून? फॅन नुसताच घरघरत राहतो आणि छताला बुरशी धरते.

वॉटरप्रूफिंग

इथे घाई केली तर वरचं सगळं वाया. फोडाफोडी झाल्यावर स्लॅब झाडून, धुऊन, सुटं प्लास्टर काढून टाका. तडे व्ही आकारात उघडून पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने भरा. स्लॅबमधून जिथे पाइप खाली उतरतो, तिथे भोवतीची जागा आकुंचन न पावणाऱ्या ग्राउटने घट्ट भरा. बहुतेक गळती याच गोल रेघेतून होते, टाइलच्या मधून नाही. फरशी आणि भिंत जिथे भेटते त्या कोपऱ्यात मॉर्टरची गोलाई करा, कारण काटकोनात लेप ताणला जाऊन फाटतो.

मग सिमेंट-पॉलिमर लेपाचे दोन हात. पृष्ठभाग ओलसर हवा, पण पाणी साचलेलं नको. पहिला हात एका दिशेने, दुसरा त्याला आडवा, मध्ये डब्यावर लिहिलेला वेळ सोडून, साधारण ४ ते ६ तास. कोपऱ्यात आणि पाइपभोवती पहिल्या ओल्या हातातच फायबरची जाळी दाबून बसवा. भिंतीवर सगळीकडे निदान ३० सेंटिमीटर आणि शॉवरच्या भागात १८० सेंटिमीटरपर्यंत लेप न्या. दाराच्या उंबऱ्याखाली तो तुटू देऊ नका, पाणी तिथूनच शेजारच्या खोलीत जातं.

स्लॅब खाली घेतलेला असेल तर हे दोनदा करायचं: एकदा स्लॅबवर, मग पाइप टाकून भर घालून कोबा केल्यावर पुन्हा वरून. वरचा थर नसेल तर भरीत पाणी मुरतं आणि ती जागा भूमिगत हौद होते.

लेप पुरता वाळला की परीक्षा. जाळीचं तोंड प्लगने किंवा प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या कापडाच्या गोळ्याने बंद करा. दारात वीट-मॉर्टरचा छोटा बांध घाला. ५ सेंटिमीटर पाणी भरा आणि भिंतीवर पाण्याच्या रेषेला पेन्सिलीने खूण करा. निदान २४ तास थांबा, ४८ थांबलात तर उत्तम. खालच्या मजल्यावरच्यांना आधी सांगून ठेवा आणि त्यांचं छत स्वतः जाऊन बघा. पातळी मिलिमीटरभर उतरली तर बाष्पीभवन. सेंटिमीटरभर उतरली तर आधी प्लग तपासा, मग लेप. गवंडी ‘एवढी गरज नसते’ म्हणेल. त्याला चहा द्या आणि पाणी भरा.

ढाळ आणि टाइल

फरशीचा ढाळ १:८० ते १:१०० ठेवा. सगळ्यात लांबच्या कोपऱ्यापासून जाळी दीड मीटरवर असेल तर १५ ते १९ मिलिमीटरचा फरक. शॉवरच्या भागात थोडा जास्त चालेल, कमोडपुढे कमी. ढाळ कोब्यातच द्यायचा, टाइलखालच्या चिकट्यात नाही. बाथरूमची फरशी बाहेरच्यापेक्षा १५ ते २० मिलिमीटर खाली ठेवा आणि दारात ग्रॅनाइटची पट्टी बसवा. जाळीखालच्या ट्रॅपमध्ये ५० मिलिमीटर पाणी उभं राहायला हवं. त्या पाण्यामुळेच गटाराचा वास आणि झुरळं वर येत नाहीत.

चारही बाजूंनी मध्ये उतरणाऱ्या ढाळावर ६० × ६० ची मोठी टाइल बसत नाही, ती कर्णात कापावी लागते. लहान बाथरूमला ३० × ३० किंवा त्याहून छोटी टाइल सोयीची. सांधे जास्त आले की पायाला पकडही मिळते. मोठीच टाइल हवी असेल तर भिंतीलगत लांब जाळी घ्या, म्हणजे ढाळ एकाच दिशेने देता येतो. फरशीच्या टाइलवर आर-१० किंवा त्यापुढचा घसरणरोधक दर्जा बघा. चकचकीत टाइल भिंतीला शोभते, फरशीवर ती हाड मोडते.

आता हिशेब. चार भिंतींची परिमिती ७.२ मीटर. २.१ मीटर उंचीपर्यंत टाइल म्हणजे १५.१ चौरस मीटर. ७५ सेंटिमीटर रुंदीचं दार आणि छोटी खिडकी मिळून १.८ वजा, उरले १३.३. कापकापीचे १० टक्के धरून १४.६. ३० × ६० ची एक टाइल ०.१८ चौरस मीटर, म्हणजे ८२ टाइल. फरशीचे ३.१५ अधिक १० टक्के म्हणजे ३.५ चौरस मीटर, ३० × ३० च्या ३९ टाइल. सगळी खोकी एकाच बॅचची घ्या, खोक्यावरचा शेड नंबर जुळवून. वेगळ्या बॅचचा रंग दुकानात सारखाच दिसतो, भिंतीवर मात्र पट्टा उमटतो.

व्हिट्रिफाइड टाइल पाणी शोषत नाही, त्यामुळे नुसत्या सिमेंटवर ती नीट धरत नाही. तिला टाइल ॲडहेसिव्ह लागतं. दातेरी थापीने पसरलं तर २० किलोच्या पिशवीत साधारण ४ ते ५ चौरस मीटर होतात, म्हणजे या बाथरूमला चार पिशव्या. टाइलच्या मध्यावर पाच गोळे ठेवून चिकटवायची सवय अनेक गवंड्यांना असते. ती थांबवा. मधल्या पोकळीत पाणी साचतं आणि कोपऱ्यावर धक्का बसला की टाइल तडकते. मधूनमधून नुकतीच लावलेली एक टाइल उचलून मागून बघा, चिकटा कोपऱ्यापर्यंत पोचलेला दिसला पाहिजे.

भिंतीची सुरुवात जमिनीपासून नको. दुसऱ्या ओळीच्या तळाला लेव्हलमध्ये पट्टी ठोकून तिच्यावरून वर जा, फरशी झाल्यावर सगळ्यात खालची ओळ कापून बसवा. सांध्यात २ ते ३ मिलिमीटरचे स्पेसर ठेवा. एक दिवस थांबून ग्राउट भरा. शॉवरच्या भागात एपॉक्सी ग्राउट घ्या, ते पाणी पीत नाही. मात्र थोडं-थोडं कालवा आणि लगेच पुसा, वाळल्यावर ते टाइलवरून निघत नाही. भिंतीच्या आतल्या कोपऱ्यात आणि भिंत-फरशीच्या सांध्यात ग्राउट नको, बुरशीरोधक सिलिकॉन भरा. तिथे हालचाल होते आणि ग्राउट तडकतं.

बसवाबसव

कमोड, बेसिन, नळ या क्रमाने. कमोडच्या तळाभोवती सिलिकॉन फिरवताना मागे बोटभर जागा मोकळी सोडा. आतला सांधा कधी गळलाच तर पाणी तिथून बाहेर दिसेल, नाहीतर गुपचूप फरशीखाली मुरेल. टाइलला भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवा आणि टाइलचं बिट वापरा. टाइल पार झाली की मग भिंतीत हॅमर. सिलिकॉन २४ तास कोरडं राहू द्या.

एवढ्या बाथरूमला दोन ते तीन आठवडे धरा. प्रत्यक्ष हाताचं काम दहा-बारा दिवसांचं असतं, बाकीचे दिवस वाळण्याचे आणि चाचण्यांचे. घरात एकच बाथरूम असेल तर पर्यायी सोय पहिल्या दिवसापासून हवी.

शेवटचे पैसे देण्याआधी एक बादली पाणी दाराजवळ ओता. दहा मिनिटांनी कुठे डबकं राहिलं ते बघा. बेसिन काठोकाठ भरून एकदम सोडा आणि खालच्या सांध्यांना कोरडा टिश्यू लावा, ओल असेल तर त्याला लगेच कळतं. फ्लश पाच वेळा करा. खालच्या छतावर आठवड्याने पुन्हा एक नजर टाका. उरलेल्या टाइलपैकी निदान सहा-सात, शेड नंबरचा खोक्याचा तुकडा आणि भिंतीतल्या पाइपांचे फोटो एकत्र ठेवून द्या.